कुलूप मोबाईलला, बेडी कुणाला?

मोबाईलला पासवर्ड ठेवा, बोटाचा ठसा ठेवा, चेहऱ्याचे कुलूप ठेवा म्हणजे चोराच्या हाती काही लागणार नाही, असा उपदेश आजकाल सर्वत्र ऐकू येतो. कंपन्या जाहिरातीत हेच सांगतात, पोलीस दलाच्या जनजागृतीच्या फलकावर हेच लिहिलेले असते आणि दुकानदारही डबा उघडून देताना हेच बोलतो. उपदेश चुकीचा नाही. परंतु तो अर्धा आहे. कुलपामुळे चोर खरोखर थांबतो काय, थांबत नसेल तर तो कुणाच्या खिशाकडे वळतो, आणि फोन सापडला की बेडी नेमकी कुणाच्या हातात पडते, हे प्रश्न कुणी विचारत नाही. धाराशिव जिल्ह्यासारख्या ऊसतोडीला जाणाऱ्या, रोजगार हमीवर खपणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यात तरी हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

आधी जगात काय घडले ते पाहू. अमेरिकेत आणि इंग्लंडात फोन हिसकावण्याचे प्रकार फार वाढले, तेव्हा २०१३ साली न्यूयॉर्कचे महाधिवक्ता आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जिल्हा सरकारी वकील यांनी मोबाईल कंपन्यांना जाब विचारला. दारापर्यंत येऊन गाडीच्या चोरीला तुम्ही कुलूप बनवता, मग फोनला का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲपलने आपल्या फोनला असे कुलूप दिले की, फोन पुसून कोरा केला तरी मूळ मालकाचे खाते व पासवर्ड टाकल्याशिवाय तो चालू होऊ नये. गुगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड फोनसाठी तशीच सोय आणली. मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी तर २०१४ साली त्यासाठी कायदेच केले. २०१५ च्या फेब्रुवारीत जे आकडे जाहीर झाले त्यानुसार आयफोनची चोरी लंडनमध्ये ५० टक्क्यांनी, सॅन फ्रान्सिस्कोत ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे कुलूप चालते, असे कुणी म्हणाले तर त्याच्याकडे पुरावा आहे.

पण याच कहाणीचे दुसरे पान आमच्या वाचकांनी नीट वाचावे. न्यूयॉर्कमध्ये २०१४ च्या पहिल्या पाच महिन्यांत ॲपलच्या फोनची चोरी कमी झाली, आणि त्याच काळात सॅमसंगच्या फोनची चोरी ४० टक्क्यांहून अधिक वाढली. कारण सॅमसंगला त्या बहुतेक काळात तसे कुलूप नव्हते. चोर सुधारला नव्हता, त्याने फक्त खिसा बदलला होता. गावात पाटलाच्या वाड्याला लोखंडी दरवाजा बसला की चोर वेशीबाहेरच्या कुडाच्या घरात शिरतो, तसे हे आहे.

आणि तिसरे पान अलीकडचे आहे. ज्या लंडनमध्ये चोरी निम्म्यावर आली म्हणून टाळ्या वाजल्या, त्याच लंडनमध्ये २०२४ साली सुमारे ८० हजार फोन चोरीला गेले. एका टोळीने वर्षभरात ४० हजारांपर्यंत फोन चीनकडे पाठवले, असा तेथील पोलिसांनी २०२५ मध्ये आरोप ठेवला. या फोनना कुलूप नव्हते काय? होते. पण कुलपाचा तोडगा बाजाराने शोधला. फोन उघडता येत नसेल तर तो खोला. पडदा वेगळा, कॅमेरा वेगळा, बॅटरी वेगळी. जो फोन एका देशाच्या जाळ्यात बंद केला, तो दुसऱ्या देशात चालवा. तेही जमले नाही तर मालकालाच खोटा संदेश पाठवा की तुमचा फोन सापडला आहे, अमुक ठिकाणी पासवर्ड टाका. आणि बिचारा मालक आपल्याच हाताने किल्ली चोराला देतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. विहिरीवरची मोटार चोरणारा ती मोटार चालवायला नेत नाही. आतली तांब्याची तार काढून भंगारात घालतो. चाळीस हजारांच्या मोटारीचे त्याला दोन-चार हजार मिळाले तरी त्याचे भागते. कुलूपबंद फोन हा चोराच्या दृष्टीने असाच भंगार आहे. कमी भावाचा, पण फुकट नव्हे.

तेव्हा आमचे मत असे की, कुलूप चोराला थांबवत नाही, कुलूप मालाचा भाव पाडते. भाव पडला की काही चोर धंदा सोडतात, काही जास्त फोन उचलतात आणि काही कुलूप नसलेल्या माणसाकडे जातात.

आता हा कुलूप नसलेला माणूस कोण? तुळजापूरच्या नवरात्रात किंवा येरमाळ्याच्या यात्रेत चेंगराचेंगरीत उभा असलेला माणूस. चैत्यभूमीला ६ डिसेंबरला जाताना रेल्वेच्या जनरल डब्यात दाटीवाटीने बसलेला आमचा माणूस. (गर्दी देवीची असो की बाबासाहेबांच्या अनुयायांची, खिसा कापणारा धर्म विचारत नाही.) गर्दीत हात घालणारा चोर आधी फोनला कुलूप आहे की नाही हे पाहू शकत नाही, ते त्याला नंतर कळते. म्हणजे कुलूप असूनही तुमचा फोन जायचा तो जातोच. फरक पडतो तो गेल्यानंतर. आणि आमच्या वस्तीतले फोन पाहिले तर काय दिसते? घरात फोन एकच. तोच म्हातारी वापरते, तोच पोरगा शाळेच्या अभ्यासाला घेतो, तोच कारभारी मुकादमाशी बोलायला नेतो. म्हणून पासवर्ड ठेवलेलाच नसतो, किंवा ठेवला तर तो घरातल्या सर्वांना आणि शेजाऱ्यांनाही ठाऊक असतो. त्याहून मोठी गंमत गुगलच्या खात्याची. फोन घेतला की दुकानदारच ईमेल काढून देतो. पासवर्ड काय टाकला हे घेणाऱ्याला माहीत नसते आणि महिन्याभरात दुकानदारही विसरतो. उद्या फोन बिघडून कोरा करावा लागला की तेच चोरविरोधी कुलूप मालकालाच आडवे येते, आणि तो पुन्हा दोन-तीनशे रुपये देऊन 'सॉफ्टवेअर मारून' घेतो. हे सॉफ्टवेअर मारून देणारा कारागीर मालकाचे कुलूप तोडतो तसेच चोराचेही तोडू शकतो. स्वस्त फोनच्या कुलपाची लायकी तेवढीच आहे.

आणि फोनमध्ये असते काय? श्रीमंताच्या फोनमध्ये फोटो असतात. गरिबाच्या फोनमध्ये त्याचे सरकार असते. शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारचा ओटीपी, पीकविमा, रोजगार हमीची मजुरी जमा झाल्याचा संदेश, लाडक्या बहिणीची केवायसी, सारे त्या एका नंबरावर. फोन गेला की सहा-सात हजारांचे नुकसान होते ते वेगळेच; शेवटच्या तारखेला ओटीपी आला नाही म्हणून पोराची वर्षभराची शिष्यवृत्ती अडकते ते नुकसान कुठल्याही पंचनाम्यात लिहिले जात नाही. येथे एक गोष्ट कार्यकर्त्यांनी वस्तीत सांगितलीच पाहिजे. फोनचे कुलूप सिमकार्डाला लागत नाही. चोर सिम काढतो, दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. सिमला स्वतंत्र पिन ठेवता येतो, तीनदा चुकला की सिम बंद पडते. ही सोय जुन्या बटनांच्या फोनमध्येही आहे आणि तिला पैसा पडत नाही. तरी कुठल्या सरकारी फलकावर आम्ही ती वाचलेली नाही.

आता सरकारच्या कुलपाकडे येऊ. प्रत्येक फोनला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. चोरीला गेलेला क्रमांक देशभरातील सर्व कंपन्यांच्या जाळ्यात बंद करण्याची योजना सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी'च्या नावाने देशभर आली. पोलिसांतील तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि त्याच नंबराचे नवे सिम असले की फोन बंद करण्याची विनंती करता येते. योजना चांगली आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. (हेच ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीने घालण्याचा घाट २०२५ च्या अखेरीस घातला गेला आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतला गेला. चोर पकडायचे निमित्त करून घरमालकावरच पाळत ठेवण्याची हौस राज्यकर्त्यांना जुनीच आहे.) आयएमईआय बदलणाऱ्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात.

पण या यंत्रणेची एक खोड आहे आणि आमच्या दृष्टीने खरा मुद्दा तोच आहे. चोरीच्या फोनमध्ये कुणी नवे सिम घातले की त्याची खबर पोलिसांना जाते. ती खबर चोराची नसते. ती फोन आज ज्याच्या हातात आहे त्याची असते. चोराने फोन दोन दिवसांत विकलेला असतो. घेणाऱ्याने तिसऱ्याला विकलेला असतो. शेवटी तो आठवडी बाजारात किंवा साखर कारखान्याच्या तळावर एखाद्या ऊसतोड कामगाराने दोन-तीन हजारांना बिनपावतीचा घेतलेला असतो, आणि त्याने तो स्वतःच्या आधारवर घेतलेल्या सिमने उजळ माथ्याने चालवलेला असतो. चोर असता तर त्याने आपले सिम घातले असते काय? यंत्र साखळीतला सर्वांत भोळा माणूस दाखवते, आणि तपास अधिकारी त्यालाच साखळीचा आरंभ समजतो. वकिली करताना अशी माणसे आमच्यापुढे येऊन बसतात. "साहेब, पैसे देऊन घेतला हो," एवढेच त्यांना सांगता येते.

कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल बाळगणे हा गुन्हा होण्यासाठी तो चोरीचा आहे हे त्या माणसाला ठाऊक असले पाहिजे, किंवा तसे मानायला त्याच्यापाशी कारण असले पाहिजे, आणि त्याचा हेतू अप्रामाणिक असला पाहिजे. चोरीनंतर लगेच माल सापडला तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये तसे उदाहरण आहे. पण 'काढू शकते' याचा अर्थ 'काढलेच पाहिजे' असा नव्हे. आठ महिन्यांनी तिसऱ्या-चौथ्या हातात सापडलेल्या फोनला 'लगेच' म्हणता येत नाही. हे सारे न्यायालयात सांगता येते. मात्र न्यायालयापर्यंत पोचण्याआधी ठाण्यात जी रात्र काढावी लागते, तिथे कलम ऐकायला कुणी नसते.

आणि तो माणूस पारधी असेल तर? कळंबपासून तुळजापूरपर्यंत पारधी समाजाच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. फोन कुणाचाही जावो, संशय आधी तिकडे जातो. त्या वस्तीतल्या पोराच्या हातात नवा फोन दिसला की तो त्याने घामाच्या पैशाने घेतला असेल हे गृहीतच धरले जात नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातल्या वहीत तीच नावे राहिली. ज्या लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' लिहिले, तो तालुका १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. तेव्हा हे दूरदेशीचे दुःख आहे असे कुणी समजू नये.

आमच्या समाजानेही हा इतिहास स्वतःचा म्हणून वाचला पाहिजे. गावगाड्यात कुलूप कोण होते? वेशीवर रात्रभर जागणारा महार, माग काढणारा रामोशी, मांग. चोरी झाली की माग त्यांनी काढायचा आणि माग निघाला नाही की बोल त्यांनीच ऐकायचा. दुसऱ्याच्या धनाची राखण करायची आणि चोरीचा आळही आपल्यावरच घ्यायचा, अशी ही वतनदारी. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली ती या गुलामीच्या प्रश्नावर. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्यांच्या बरोबरीने गुन्हेगार जमाती आणि आदिवासी यांचा उल्लेख केला आणि असे समूह निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पारधी वस्तीवर पोलिसांची गाडी गेली की 'तो आपला प्रश्न नाही' म्हणणाऱ्या कार्यकर्त्याने ही प्रस्तावना एकदा काढून वाचावी.

जन्मावरून आरोपी ठरवण्याची किंमत किती असते हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २००३ साली झालेल्या दरोडा, खून आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशीपर्यंत नेण्यात आले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही फाशी कायम केली होती. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष असल्याचे सांगून त्यांना सोडले आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई देण्याचा आदेश दिला. सोळा वर्षे गेली ती गेली. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातिभेद घटनाबाह्य ठरवला. त्याच निकालात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अर्नेश कुमार खटल्यातील मार्गदर्शक सूचना पाळण्याचे पोलिसांना बजावले आहे. म्हणजे चोरीसारख्या, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्या, अटक का हवी याची कारणे लिहा. हा निकाल मराठीत छापून प्रत्येक वस्तीत लावण्याजोगा आहे. तो लावण्याचे काम सरकार करणार नाही.

बुद्धाच्या शिकवणीत न दिलेली वस्तू घेऊ नये हे दुसरे शील आहे, त्यात आम्ही सूट मागत नाही. चोर आमच्यातला असला तरी चोरच. परंतु दीघ निकायातील कूटदंत सुत्तात राज्यात चोऱ्या माजल्या असता राजाला मिळालेला सल्ला पाहा. मारून, बांधून, हद्दपार करून चोरी मिटणार नाही, कारण उरलेले पुन्हा उपद्रव करतील. शेती करणाऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, सेवकाला वेतन दे. चक्कवत्ती सीहनाद सुत्त तर आणखी पुढे जाते. राजाने गरिबाला धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली, चोराचे मुंडके उडवायला सुरुवात झाली तेव्हा चोरांनी हत्यारे घेतली आणि साक्षीदार उरू नये म्हणून लुटलेल्या माणसाला मारू लागले. आजच्या भाषेत सांगायचे तर कुलूप जितके कडक होते तितका चोर कुलूपाऐवजी माणसावर दबाव आणतो. फोन हिसकावून 'पासवर्ड सांग' म्हणून सुरा लावण्याचे प्रकार मोठ्या शहरांत होतात, ते याच मार्गाने आलेले आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या निरीक्षणापेक्षा गुन्हेशास्त्राने फार वेगळे काही सांगितले आहे असे आम्हाला वाटत नाही.

आता व्यवहाराचे बोलू. जुना फोन घेताना त्यावर *#०६# दाबून क्रमांक पाहावा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा आणि तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवला की फोन बंद यादीत आहे की नाही ते कळते. विकणाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना नाव, गाव, क्रमांक आणि सही घ्यावी. हा चार ओळींचा कागद पुढे कलम ३१७ मधून सोडवतो. फोनचा डबा फेकू नये, क्रमांक वहीत लिहून ठेवावा. विहारात ग्रंथालयाची नोंदवही असते, तिथेच आणखी एक वही ठेवायला काय हरकत आहे? फोन गेल्यावर आधी सिम बंद करावे, खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर कळवावे.

फिर्यादीबाबत मात्र सावध राहा. ठाण्यात गेलात की पुष्कळदा 'चोरी' लिहून न घेता 'गहाळ' असा अर्ज घेतात. गहाळाने गुन्ह्यांचा आकडा वाढत नाही, ठाण्याला ते सोयीचे असते. त्यात नव्या कायद्याने एक भर घातली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपीला पहिल्यांदाच शिक्षा होत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल तर सामुदायिक सेवेची शिक्षा आहे, आणि हा प्रकार अदखलपात्र ठेवला आहे. पहिल्यांदा चुकलेल्या पोराला तुरुंगाऐवजी सेवा, हे आम्हाला मान्य आहे. पण याचाच आधार घेऊन गरिबाच्या साडेचार हजारांच्या फोनची फिर्याद नाकारली गेली तर पन्नास हजारांच्या फोनला तपास आणि आमच्या फोनला चिठ्ठी, असा भेद कायद्यातच शिरेल. यावर उत्तर असे की, चोर कोण हेच माहीत नसताना तो पहिल्यांदा चुकला की दहाव्यांदा, त्याने माल परत केला की नाही, हे ठाणे अंमलदाराला दारातच ठरवता येत नाही. ती सवलत आरोपीसाठी, शिक्षेच्या वेळची आहे. फिर्याद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज करावा आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे.

आणि फोन सापडला तर तो मुद्देमालाच्या खोलीत सडू देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितले आहे की, फोटो आणि पंचनामा करून माल मालकाला लवकर परत द्यावा. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर मुदतच घातली आहे. मालाचे विवरण १४ दिवसांत आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश. अर्ज एका पानाचा असतो. खरेदीची पावती नसेल तर डब्यावरचा क्रमांक आणि सिम आपल्या नावावर असल्याचा कंपनीचा दाखला अर्जाला जोडावा.